एका लॅपची गाडी आणि सातव्या लॅपची गाडी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चिंचवडचे, तीन वर्षांपूर्वी श्टुटगार्टला आलात. रोज ३५ किलोमीटर ऑफिस, शनिवार-रविवारी ब्लॅक फॉरेस्टचे घाटरस्ते, वर्षाला चार-पाच ट्रॅक डे (आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचे दिवस). घरी चार वर्षांचा मुलगा, आणि गाडी वहिनीही चालवणार. बजेट ३० हजार युरो, गाडी सेकंडहँड चालेल. यादीत पाच नावं: होंडा सिव्हिक टाइप आर (२०१७ची पिढी, कोड एफके८), रेनॉ मेगान आरएस ट्रॉफी, ह्युंदाई आय३० एन, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट आणि टोयोटा जीआर यारिस. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘न्यूरबुर्गरिंगचे टाइम बघितले तर सिव्हिकच घ्यावी असं वाटतं, बरोबर ना?’

सिव्हिक उत्तम गाडी आहे, पण तुमचं कारण चुकीचं आहे. आणि तुमच्या घरासाठी मी वेगळीच गाडी सुचवणार आहे.

मी कोण ते दोन ओळींत. मूळचा कोल्हापूरचा, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, त्यामुळे ओतीव लोखंडाशी ओळख शाळेपासूनची. गेली चौदा वर्षं इथे जर्मनीत ब्रेक टेस्टिंगमध्ये आहे, आणि नऊ वर्षं ट्रॅक डेला इन्स्ट्रक्टर म्हणून लोकांच्या गाडीत उजव्या सीटवर, म्हणजे इथे ड्रायव्हरच्या शेजारी, बसतो. या पाचही गाड्यांत बसलोय, पाचही चालवल्यात. नाद म्हणाल तर नाद.

लॅप टाइमपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. २०१७ला एफके८ सिव्हिकने नॉर्डश्लाइफवर, म्हणजे न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर, ७ मिनिटं ४३.८० सेकंदांचा लॅप लावला. त्या गाडीत सुरक्षेसाठी रोल केज (आतला लोखंडी पिंजरा) होता आणि त्याचं वजन भरून काढायला मागची सीट आणि स्क्रीन काढलेली होती. २०१९ला मेगानने ७:४०.१०० लावले. पण ती ट्रॉफी-आर. तिला मागची सीटच नाही, फोर-व्हील स्टिअरिंग काढून टाकलेलं, साध्या ट्रॉफीपेक्षा १३० किलो हलकी, आणि बनवल्या फक्त ५००. तुमच्या यादीतली ट्रॉफी ती नव्हे, हे जाहिरात लावणारा विक्रेता सांगत नाही.

पुढे ऐका. हे दोन्ही टाइम २०.६ किलोमीटरच्या लॅपचे. टी१३ स्टँडसमोरचा छोटा तुकडा धरला की लॅप २०.८३२ किलोमीटरचा होतो, आणि त्या पूर्ण लॅपवर ट्रॉफी-आरचा टाइम आहे ७:४५.३८९. २०२३ला नवी एफएल५ सिव्हिक पूर्ण लॅपवर ७:४४.८८१ला आली, तीही मिशेलिनच्या कप २ जातीच्या, ट्रॅकसाठीच्या चिकट टायरवर. म्हणजे तक्त्यात एफके८चे ४३ सेकंद एफएल५च्या ४४ पेक्षा चांगले दिसतात आणि प्रत्यक्षात नवी गाडी चांगली चार-पाच सेकंद पुढे आहे. असे तक्ते बघून ३० हजार युरो खर्च करू नयेत.

शिवाय तो लॅप एकच असतो. नवे टायर, थंड ब्रेक, रिकामा ट्रॅक, आणि स्टिअरिंगवर तो रस्ता पाठ असलेला माणूस. तुमचा ट्रॅक डे म्हणजे वीस-वीस मिनिटांची चार-पाच सेशन्स. मी गाडी तोलतो ती सातव्या लॅपला ती काय करते यावर. सातव्या लॅपला इंजिन तीच ताकद देतंय का, ब्रेक पेडल पहिल्या लॅपला जिथे चावत होतं तिथेच चावतंय का, टायरचा खांदा (बाहेरची कड) शाबूत आहे का. हा सगळा उष्णतेचा मामला आहे.

तुमच्या घरापासून तासाभरावरचं होकेनहाइम घ्या. ४.५७४ किलोमीटरचा जीपी ट्रॅक, त्यात पाराबोलिकाचा लांबलचक पट्टा आणि त्याच्या टोकाला श्पिट्सकेरेची हेअरपिन. ड्रायव्हर आणि पेट्रोल धरून १,५०० किलोची गाडी तिथे २०० वरून ६० वर आणायची. साधं बारावीचं गणित केलं तर दोन मेगाज्यूलच्या थोडी वर ऊर्जा काढून टाकावी लागते. एवढ्यात नळाचं सहा लिटर पाणी उकळतं, आणि तुम्ही ती चार-पाच सेकंदांत काढता. त्यातला पाऊण हिस्सा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. डिस्क साधारण दहा किलोची धरली तर एका ब्रेकिंगला तिचं तापमान दीडशे अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत वारा ते थोडं उतरवतो, सगळं नाही. दर लॅपला शिल्लक वाढत जाते. मग पॅड गुळगुळीत होतात, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापतो आणि शेवटी ब्रेक ऑइल.

२०१४ची गोष्ट सांगतो. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. होकेनहाइमलाच, पाचवा लॅप. पाराबोलिकाच्या टोकाला ब्रेक मारला आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं. दोनदा पंप केल्यावर थोडं उभं राहिलं, तोवर मी हेअरपिन सोडून पलीकडच्या मोकळ्या डांबरावर पोहोचलो होतो. कारण काय, तर ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं. डॉट ४चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर हमी उरते १५५ अंशांची. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. हे मी दिवसभर लोकांना समजावून सांगायचो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

तर आता गाड्या, याच नजरेनं.

त्याआधी एक गोष्ट डिफरन्शियलची (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा, थोडक्यात डिफ), कारण यादीतल्या चार गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. पुढच्या टायरनेच वळायचं, त्यानेच ओढायचं आणि ब्रेकचा बराच भारही त्यानेच घ्यायचा. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं. साध्या डिफमध्ये ताकद त्याच हलक्या चाकाकडे पळते आणि ते नुसतं फिरतं. बऱ्याच गाड्या त्या चाकाला बारीक ब्रेक लावून ही चूक झाकतात. घाटात ते चालून जातं, पण ट्रॅकवर तोच ब्रेक आणखी तापतो. म्हणून हलकं चाक नुसतं फिरू न देणारा खरा लिमिटेड-स्लिप डिफ हवाच. सिव्हिक आणि मेगान ट्रॉफीत तो यांत्रिक आहे, तर गोल्फ आणि आय३० एन परफॉर्मन्समध्ये इलेक्ट्रॉनिक क्लचवाला. यांत्रिक डिफवाल्या गाडीत वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दाबला की नाक आत खेचलं जातं. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस दचकतो, कारण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असं करेल ही अपेक्षाच नसते.

गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट. या सगळ्या प्रकाराची मूळ पुरुष म्हणजे १९७६ची पहिली जीटीआय. १.६ लिटर, ११० पीएस (हॉर्सपॉवर), वजन ८१० किलो, आणि कंपनीला वाटत होतं ५,००० खपतील. आजची क्लबस्पोर्ट ३०० पीएसची, फक्त ऑटोमॅटिक डीएसजीमध्ये मिळते. तिची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या ‘स्पेशल’ मोडमध्ये इंजिन पूर्ण तिखट होतं, पण शॉकअप्स नरम होतात. कारण नॉर्डश्लाइफ हा टेबलासारखा सपाट ट्रॅक नाही, तो उंचवट्या-खळग्यांचा डोंगरी रस्ता आहे, आणि तिथे कडक गाडी नुसती उडते. हे ज्याने सुचवलं त्याला रस्ता कळतो. रोजच्या वापरात ती पाचांत सगळ्यात शांत, सगळ्यात समजूतदार. पण २०२४च्या आधीच्या गाड्यांत स्टिअरिंगवरची ती स्पर्शाची बटणं ट्रॅकवर हाताचा पंजा घासला तरी लागतात. आणि मला क्लच हवा असतो, हा माझा दोष समजा. वर्षाला एकच ट्रॅक डे असता तर मी इथेच थांबलो असतो.

मेगान आरएस ट्रॉफी. १.८ लिटर, ३०० पीएस, आणि माझी मनापासून लाडकी. हिची मागची चाकंसुद्धा वळतात. ६० किलोमीटरच्या वेगाखाली ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेला २.७ अंशांपर्यंत फिरतात, त्यामुळे लांब गाडी हेअरपिनमध्ये आखूड झाल्यासारखी वळते. त्याच्या वर ती पुढच्यांच्या दिशेला एक अंशापर्यंत फिरतात आणि गाडी स्थिर होते. रेस मोडमध्ये ही हद्द १०० वर जाते. घाटात ही जादू आहे. ट्रॅकवर मात्र ज्या वळणात वेग शंभरच्या आसपास रेंगाळतो तिथे गाडीचा स्वभाव मध्येच बदलल्यासारखा वाटतो, आणि नवशिक्याला त्याचा अर्थ लागत नाही. दोन-तीन ट्रॅक डे सवय व्हायलाच जातात.

पण या गाडीचं खरं रत्न तिच्या शॉकअप्समध्ये दडलंय. शेवटच्या टप्प्यावर साध्या गाडीत रबराचा ठोकळा असतो. चाक खड्ड्यात आपटलं की तो ठोकळा उसळी मारतो. लहानपणी आंबा घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसलात तर तो दणका पाठीला माहीत असेल. मेगानमध्ये त्या जागी शॉकअपच्या आत दुसरा छोटा हायड्रॉलिक पिस्टन आहे. तो दणका गिळतो, परत फेकत नाही. रॅलीतून आलेली ही कल्पना. बी५०० वर बाडेन-बाडेनहून वर चढताना, वळणाच्या ऐन मध्यावर डांबराचं ठिगळ आलं तरी ही गाडी रेषा सोडत नाही. बाकीच्या चारांत तिथे हात नकळत घट्ट होतात. मुद्दा एवढाच की मॉडेल २०२३ला बंद झालं, मागच्या स्टिअरिंगची यंत्रणा जगात मोजक्या गाड्यांत आहे, आणि दहा वर्षांनी ती दुरुस्त कोण करणार हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. एकट्या माणसाने, गॅरेजची ओळख असेल तर, डोळे झाकून घ्यावी.

जीआर यारिसबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या घरात ती बसत नाही. तीन दारं, मागचं छप्पर बसकं, डिकी १७४ लिटरची. चार वर्षांच्या मुलाला मागच्या चाइल्ड सीटवर बसवताना पहिल्याच आठवड्यात तुमची कंबर तक्रार करील. गाडी म्हणून मात्र चमत्कार आहे. रॅलीच्या नियमांसाठी जन्माला घातलेली, १.६ लिटर तीन सिलिंडरमधून २६१ पीएस, १,२८० किलो, चारही चाकांना ताकद. पावसात ती बाकी चौघींना लाजवते, आणि न्यूरबुर्गरिंगच्या आयफेल डोंगरांत पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच. कोरड्या ट्रॅकवर सलग दामटली की मागे ताकद नेणारं कपलिंग तापतं, इशारा येतो आणि थोडा वेळ गाडी पुढच्याच चाकांवर चालते. सातव्या लॅपची परीक्षा तिथे अडते.

आता सिव्हिक. २ लिटर, ३२० पीएस, ४०० न्यूटनमीटर, फक्त सहा गिअरची मॅन्युअल. तो गिअर लिव्हर हातात धरला की बाकीच्या गाड्या विसरायला होतात. छोटी फेक, आणि गिअर खटकन जागी बसतो. पुढचं सस्पेन्शन असं बांधलंय की चाक वळण्याचा आस टायरच्या मध्याजवळ येतो, म्हणून ३२० पीएस पुढच्या चाकांवर टाकूनही स्टिअरिंग हातातून हिसकत नाही. डिकी प्रशस्त. मागे जागा दोघांचीच, मध्ये कप ठेवायची सोय. तुम्हा तिघांना पुरे.

पण २०२०च्या आधीच्या एफके८ला उन्हाळ्यात सलग लॅप मारले की पाण्याचं तापमान चढतं. होंडाने २०२०च्या फेसलिफ्टला (त्याच पिढीच्या सुधारित आवृत्तीला) पुढच्या जाळीचं तोंड १३ टक्के मोठं केलं, रेडिएटर सुधारला आणि पुढच्या डिस्क दोन तुकड्यांच्या केल्या, ते उगाच नव्हे. म्हणून टाइप आर घ्यायची तर फेसलिफ्टच. आणि चांगल्या स्थितीतली, कमी पळालेली फेसलिफ्ट तुमच्या ३० हजारांत बसवायची म्हणजे खिसा पूर्ण रिकामा. ज्या स्विंडनच्या कारखान्यात ती बनायची तो २०२१ला बंद झाला, तेव्हापासून लोक तिला जपून ठेवायला लागलेत. आणखी एक: तिचे टायर २४५/३० आर२०. टायरची भिंत रिमपासून रस्त्यापर्यंत जेमतेम साडेसात सेंटिमीटर. यारिसच्या २२५/४० आर१८ची ९ सेंटिमीटर. कर्बवर चढलात किंवा हिवाळ्यानंतरच्या खड्ड्यात गेलात की हा दीड सेंटिमीटर रिमच्या बिलात दिसतो.

म्हणून माझं उत्तर: सिव्हिक जास्त चांगली गाडी आहे, पण तुम्ही आय३० एन घ्या.

ह्युंदाईने २०१५ला बीएमडब्ल्यूच्या एम विभागातून आल्बर्ट बिअरमान यांना आणलं, न्यूरबुर्गरिंगला टेस्ट सेंटर होतंच, आणि २०१७ला ही गाडी आली. त्याच वर्षी ती जवळजवळ शोरूमच्या अवतारात तिथल्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. अशा गाड्यांत कंपनी नवखी होती, त्यामुळे तिने आधी टिकण्याचा विचार केला असं ती चालवताना जाणवतं. सातव्या लॅपला तापमानाचा काटा पहिल्या लॅपएवढाच शांत. ब्रेकवर ब्रेम्बोचं मिरवायचं नाव नाही, पण पॅड आणि डिस्क बदलताना तुम्ही तिचे आभार मानाल. मेगानची नजाकत नाही, सिव्हिकचा गिअर लिव्हर नाही, क्लच थोडा बोथट. तरीही चूक केलीत तर ती आधी सांगते, मग शिक्षा करते. शिकणाऱ्याला हे हवं असतं.

घेताना एकच काळजी. मूळ आय३० एन दोन प्रकारांत आली: २५० पीएसची आणि २७५ पीएसची परफॉर्मन्स. पहिलीत लिमिटेड-स्लिप डिफ नाही, पुढच्या डिस्कही लहान. जाहिरातीत दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. परफॉर्मन्सच घ्या. २०२१च्या फेसलिफ्टला ताकद २८० पीएस आणि ३९२ न्यूटनमीटर झाली, हलकी फोर्ज्ड चाकं आली, पुढची डिस्क ३६० मिलिमीटरची झाली. बजेटमध्ये मिळाली तर सोन्याहून पिवळं. शॉकअप्सचा सगळ्यात कडक मोड रस्त्यावर विसरून जा. एन कस्टम नावाच्या मोडमध्ये इंजिन तिखट आणि शॉकअप्स नरम असं स्वतःचं कॉम्बिनेशन लावा.

वाचलेल्या पैशातले तीन हजार बाजूला काढा. आधी ट्रॅकचे पॅड, तीनशे अंशांच्या वर उकळणारं ब्रेक ऑइल आणि दुसऱ्या रिमवर टायरचा सेट. ऑइल दर सीझनला बदला, काळं दिसो वा न दिसो. टायरमध्ये सकाळी थंड असताना २ बारच्या आसपास हवा ठेवा. तीन लॅपनंतर मोजलीत तर ती अडीचकडे सरकलेली दिसेल, तिथे थोडी सोडा. घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नका, हे मी ऑटोबानवर स्वतः विसरलोय.

गाडी बघायला जाल तेव्हा पुढच्या डिस्कवर नख फिरवा. कडेला उंचवटा लागतोय का, पृष्ठभागावर केसासारख्या भेगा आहेत का. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचं रबर कडक, तपकिरी झालंय का. टायरचा बाहेरचा खांदा मध्यापेक्षा जास्त झिजलाय का. थंड इंजिनवर दुसरा गिअर टाकून बघा. कुरकुरला तर नमस्कार करून निघा. ट्रॅकवर नेलेली गाडी वाईट नसते. नेलेली असून ‘कधीच नेली नाही’ म्हणणारा माणूस वाईट असतो.

इन्शुरन्सचं मात्र आजच बघा. नॉर्डश्लाइफवर सर्वांसाठी खुल्या असलेल्या फेऱ्या कायद्याने रस्ताच धरल्या जातात. एकेरी, टोल भरून जायचा रस्ता. रहदारीचे नियम लागू, ओव्हरटेक डावीकडूनच, आणि टाइम लावायला बंदी. तरीही कित्येक पॉलिसींत रेसट्रॅकवरचं नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं, आणि लोखंडी कठडा वाकवलात तर त्याचं बिल तुमच्या नावावर येतं. म्हणून सुरुवात तिथे नको. पहिली दोन वर्षं होकेनहाइम किंवा बिल्स्टर बेर्ग. चूक झाली तर बाजूला थोडी जागा असते.

टेस्ट ड्राइव्हला वहिनींना नक्की न्या, आणि चाइल्ड सीट डिकीत टाकून न्या. आय३० एनचा क्लच ट्रॅफिकमध्ये रोज दाबायला त्यांना जड वाटला, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि क्लबस्पोर्ट घ्या. किंवा डीसीटीवाली फेसलिफ्ट आय३० एन शोधा, तिच्यात आठ गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो.

आणि पहिल्या सेशननंतर पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागी) आलात की हँडब्रेक ओढू नका. पॅड तापलेल्या डिस्कला तिथेच धरून बसतो आणि पुढच्या सेशनला पेडल थरथरतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा आणि बॉनेट उघडं ठेवून चहा प्या. तारीख ठरली की कळवा; होकेनहाइमला त्या दिवशी असलो तर उजव्या सीटवर बसेन.